गिन्सबर्ग यांना वाहिलेली आणि गिन्सबर्ग यांनी वाहिलेली आदरांजली

‘रीड विरुद्ध रीड’ या खटल्याचा लेखी युक्तिवाद १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर अपीलकर्तीच्या वकिलांमध्ये डॉरथी केन्यन आणि पॉली मरे अशी दोन नावे छापलेली होती. त्या युक्तिवादाच्या लेखनात या दोघींचा हात नव्हता. तो मुख्यतः लिहिला होता रटगर्स विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या आणि पुढे १९९३ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झालेल्या, तेव्हा ३८ वर्षांच्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी, आणि ही दोन नावे तिथे घालण्याचा निर्णयही त्यांचाच होता. केन्यन त्या वेळी ८३ वर्षांच्या होत्या. न्यूयॉर्कमध्ये त्या काही काळ न्यायाधीश होत्या आणि ज्युरीमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने बसता यावे म्हणून त्या अनेक वर्षे झगडत आल्या होत्या. मरे या कृष्णवर्णीय वकील. हॉवर्ड विद्यापीठात कायद्याच्या वर्गात त्या पहिल्या आल्या, तरी पुढील शिक्षणासाठी हार्वर्डने त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. वंशभेदाविरुद्ध राज्यघटनेच्या ज्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेतला जातो, तिचाच आधार लिंगभेदाविरुद्धही घेता येतो, हा विचार मरे यांनी १९६० च्या दशकात, फारसे कोणी ऐकून घेत नसताना, चिकाटीने मांडला होता. अलाबामात स्त्रियांना ज्युरीतून वगळणारा कायदा १९६६ मध्ये कनिष्ठ संघीय न्यायालयात रद्द झाला, त्यामागेही याच दोघींचा युक्तिवाद होता. गिन्सबर्ग यांनी आपली मांडणी त्या विचारावर उभी केली आणि ते ऋण तळटिपेत न टाकता मुखपृष्ठावर मान्य केले.

वकिली करणाऱ्यांना यातले विशेष चटकन जाणवेल. दुसऱ्याच्या मसुद्यावर आपले नाव घालणारे आम्ही रोज पाहतो. आपल्या मसुद्यावर दुसऱ्याचे नाव घालणारे विरळाच. म्हणूनच २०२० च्या सप्टेंबरमध्ये खुद्द गिन्सबर्ग यांना वाहिल्या गेलेल्या आदरांजली पाहताना मी त्यांचीच ही कृती मापाला घेतली, आणि त्या मापाने पाहता बरेच काही तोकडे वाटले, तर थोडे काही अगदी नेमके वाटले.

खटल्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आयडाहो राज्यातील सॅली रीड यांचा तरुण मुलगा वारला. आईवडील विभक्त होते. मुलाची मालमत्ता हजार डॉलर्सचीही नव्हती. पण तिची व्यवस्था पाहण्याचा अधिकार दोघांनीही मागितला, तेव्हा न्यायालयाने तो वडिलांना दिला, कारण दोन अर्जदारांचा हक्क सारखा असेल तर पुरुषाला प्राधान्य द्यावे, असे राज्याचा कायदाच सांगत होता. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद एकमताने घटनाबाह्य ठरवली. चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षणाच्या आधारे, स्त्री म्हणून केलेला भेदभाव त्या न्यायालयाने रद्दबातल ठरवण्याची ती पहिली वेळ होती. त्या दुरुस्तीला तोवर शंभर वर्षे होऊन गेली होती.

गिन्सबर्ग यांचे निधन १८ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी झाले. त्या शुक्रवारी सायंकाळी ज्यू नववर्षाला सुरुवात होत होती. बातमी येताच वॉशिंग्टनमधील न्यायालयाच्या पायऱ्यांसमोर लोक जमू लागले. कोणी बोलावले नव्हते आणि कोणतीही संघटना पुढे नव्हती. लोक मेणबत्त्या, फुले आणि हाताने लिहिलेल्या पाट्या घेऊन आले, त्यांनी गाणी म्हटली, काहींनी मृतांसाठीची ज्यू प्रार्थना म्हटली. न्यायाधीशाच्या निधनानंतर रस्त्यावर अशी गर्दी लोटलेली मी तरी आपल्याकडे पाहिलेली नाही. आपल्याकडे न्यायमूर्ती वारल्या किंवा वारले, तर उच्च न्यायालयात शोकसभा होते, वकील संघटनेचे अध्यक्ष आणि महाधिवक्ता ठरावीक साच्यातली भाषणे करतात, दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते आणि कामकाज पुढे सुरू होते. न्यायाधीशाने लोकप्रियतेपासून दूर राहावे, हा त्या कोरडेपणामागचा संकेत मला पूर्णपणे चुकीचा वाटत नाही, हेही येथेच नोंदवून ठेवते.

२३ सप्टेंबरला पार्थिव न्यायालयात आणले गेले. गिन्सबर्ग यांच्या हाताखाली काम केलेले शंभराहून अधिक माजी लॉ क्लार्क काळ्या वेषात, तोंडाला मास्क लावून, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना अंतर राखून उभे होते आणि त्यांच्यामधून शवपेटी वर नेली गेली. अब्राहम लिंकन यांच्या पार्थिवासाठी १८६५ मध्ये ज्या चौथऱ्याचा उपयोग झाला होता, त्याच चौथऱ्यावर ती ठेवण्यात आली, आणि करोनामुळे आत गर्दी नको म्हणून दोन दिवस बाहेरच्या खांबांच्या ओसरीत लोकांना अंत्यदर्शन घेता आले. मी हे सगळे इथे पुण्यात, संध्याकाळी, संगणकाच्या पडद्यावर पाहिले. त्या महिन्यांत आमचे खटलेही त्याच पडद्यावर चालत होते. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या भाषणात गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या ४८३ निकालपत्रांचा उल्लेख होता, त्यांत बहुमताची, सहमतीची आणि असहमतीची अशी तिन्ही प्रकारची निकालपत्रे आली. आणि रूथना ऑपेरा गायिका व्हायचे होते, त्याऐवजी त्या रॉकस्टार झाल्या, असे एक वाक्यही होते. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प दर्शनाला आले, तेव्हा समोरच्या गर्दीने त्यांची हुर्यो उडवली. २५ सप्टेंबरला पार्थिव संसदेच्या इमारतीत राजकीय सन्मानाने ठेवण्यात आले. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या ज्यू व्यक्ती होत्या. ज्या ठिकाणी १८५२ पासून अध्यक्ष, सेनानी आणि संसद सदस्य यांची पार्थिवे ठेवली गेली, तिथे पहिल्या स्त्रीला हा राजकीय सन्मान मिळायला २०२० साल उजाडले, याचा गौरव करायचा की खेद, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या सगळ्या समारंभांत मला दोन गोष्टी त्यांच्या वृत्तीशी जुळणाऱ्या वाटल्या. पहिली म्हणजे त्या लॉ क्लार्कांची रांग. न्यायमूर्तींचे काम एकट्याचे नसते. टिपणे, संदर्भ, मसुद्याचे खर्डे यांत तरुण वकिलांची वर्षे जातात आणि निकालपत्रावर त्यांचे नाव कधीच येत नाही. त्या दिवशी ते सगळे एकत्र दिसले. दुसरी गोष्ट म्हणजे संसदेतील कार्यक्रमात रबाय लॉरेन होल्ट्झब्लॅट यांनी केलेले भाषण. न्याय विजेसारखा लख्खकन आला नाही, तर आयुष्यभराच्या चिवट प्रयत्नांतून आला, आणि टिकणारा बदल एकेका पावलानेच होतो असे गिन्सबर्ग म्हणत, या आशयाचे त्या बोलल्या. वीस वर्षांहून अधिक काळ गिन्सबर्ग यांच्याकडून व्यायाम करवून घेणारे ब्रायंट जॉन्सन यांनी शवपेटीसमोर जोर मारले, त्याचीच चित्रफीत जगभर फिरली. ते दृश्य मनापासूनचे होते यात शंका नाही. पण ज्या बाईंनी घटनेच्या एका कलमाचा अर्थ पालटून दाखवला, त्यांच्या आठवणीत दंडबैठका पुढे आणि रीड खटला मागे, हे काही बरे नव्हे.

हे एका दिवसात झालेले नव्हते. २०१३ मध्ये ‘शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर’ या खटल्यात बहुमताने मतदान हक्क कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद निकामी केली, तेव्हा गिन्सबर्ग यांनी असहमतीत लिहिले की, आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यासारखे हे आहे. त्यानंतर न्यूयॉर्कमधील कायद्याच्या एका विद्यार्थिनीने गिन्सबर्ग यांच्याप्रमाणेच ब्रुकलिनच्या असलेल्या एका दिवंगत रॅप गायकाच्या नावावर बेतलेले ‘नटोरिअस आर. बी. जी.’ हे टोपणनाव त्यांना दिले आणि पुढे कप, सदरे, बाहुल्या, डोक्यावर मुकुट घातलेली चित्रे यांचा बाजार उभा राहिला. न्यायाधीशाचा झगा पुरुषांचा शर्ट आणि टाय दिसावा अशा बेताने शिवलेला असतो, म्हणून त्या न्यायालयातील पहिल्या स्त्री न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी आणि गिन्सबर्ग यांनी गळ्याशी लेसची कॉलर घालायला सुरुवात केली होती. ती कॉलरही प्रतीक झाली, आणि त्यांच्या निधनानंतर न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट भागातल्या लहान मुलीच्या पुतळ्याच्या गळ्यातही तशीच कॉलर घातली गेली. त्यांनी स्वतः हे कौतुक हसून स्वीकारले. तरीही त्यातून उभी राहिलेली प्रतिमा एकट्याने लढणाऱ्या, सतत संतापलेल्या न्यायमूर्तीची होती, आणि प्रत्यक्षातील गिन्सबर्ग याच्या जवळजवळ उलट होत्या. मिळेल तेवढे मत आपल्याकडे वळवायचे, न्यायाधीशांना दुखवायचे नाही, आणि मागायचे तर आज मिळू शकेल एवढेच मागायचे, अशी त्यांची रीत होती.

तिचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे स्टीफन वाइझनफेल्ड यांचा खटला. न्यू जर्सीमधील या गृहस्थांची पत्नी पॉला गणित शिकवणारी शिक्षिका होती, पतीपेक्षा अधिक कमावत होती आणि सामाजिक सुरक्षा योजनेचा हप्ता तिच्या पगारातून नियमाने कापला जात होता. १९७२ मध्ये बाळंतपणात ती दगावली, मूल वाचले. बाळाला स्वतः वाढवायचे म्हणून स्टीफन यांनी भत्त्यासाठी विचारणा केली, तेव्हा त्यांना कळले की कमावता नवरा वारला तर मुलांना सांभाळण्यासाठी विधवेला भत्ता मिळतो, पण कमावती बायको वारली तर विधुराला तो नाही. त्यांनी स्थानिक वृत्तपत्राला एक संतप्त पत्र लिहिले आणि ती हकीकत गिन्सबर्ग यांच्यापर्यंत पोहोचली. नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेचा स्त्री हक्क प्रकल्प त्यांनी त्याच वर्षी सुरू केला होता. स्त्रियांच्या समानतेसाठी पुरुष अशील कशाला, असे तेव्हाही अनेकांनी विचारले. गिन्सबर्ग यांचा हिशेब पक्का होता. खंडपीठावर नऊच्या नऊ पुरुष होते. स्त्रियांवर अन्याय होतो हे त्यांना पटवणे कठीण होते, कारण असे कायदे स्त्रियांच्या सोयीसाठीच आहेत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. तोच कायदा एका बापाला आपल्या लेकराजवळ बसू देत नाही हे दाखवले, की सोयीचा पडदा आपोआप दूर होतो. सुनावणीच्या दिवशी त्यांनी स्टीफन यांना वकिलांच्या टेबलाशी आपल्या शेजारी बसवले. १९ मार्च १९७५ च्या निकालात भाग घेतलेले आठही न्यायाधीश त्यांच्या बाजूने गेले, पण वेगवेगळ्या वाटांनी: बहुमताला पॉलाच्या कमाईचे मोल कमी धरले गेल्याचे पटले, आणि एरवी अशा खटल्यांत सहसा विरोधात असणारे विल्यम रेनक्विस्ट यांना एवढे पटले की बाळावर अन्याय होतो. तिन्ही अन्याय, पत्नीवरचा, पतीवरचा आणि बाळावरचा, त्यांच्या युक्तिवादात वेगवेगळे मांडलेले होते. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावे.

सर्वोच्च न्यायालयात त्यांनी स्वतः सहा खटले चालवले आणि त्यांपैकी पाच जिंकले, ही आकडेवारी प्रत्येक मृत्युलेखात होती. वाइझनफेल्ड यांनी १९९३ मध्ये त्यांच्या नेमणुकीच्या वेळी सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली, त्या बाळाचे म्हणजे जेसनचे लग्न १९९८ मध्ये गिन्सबर्ग यांनीच लावले, आणि २०१४ मध्ये स्टीफन यांचे दुसरे लग्नही त्यांनीच लावले, हे फार थोड्यांनी लिहिले. खटला संपला की अशिलाचे नाव विसरणाऱ्या आमच्या व्यवसायात हे सांगण्यासारखे आहे.

आदरांजलीत एका प्रश्नाला मात्र जवळजवळ सगळ्यांनी बगल दिली. १९९९ पासून कर्करोगाने त्यांना वारंवार गाठले होते. बराक ओबामा अध्यक्ष असताना आणि सिनेटही त्यांच्या पक्षाकडे असताना, म्हणजे २०१४ च्या अखेरपर्यंत, त्या निवृत्त झाल्या असत्या तर त्यांच्या विचारांच्या जवळचा उत्तराधिकारी आला असता, असे कायद्याचे काही प्राध्यापक तेव्हाच उघडपणे लिहीत होते. त्या थांबल्या नाहीत. नवा अध्यक्ष येईपर्यंत माझी जागा भरली जाऊ नये, ही माझी सर्वांत उत्कट इच्छा आहे, असे त्यांनी शेवटच्या दिवसांत नात क्लॅरा स्पेरा हिला लिहून घ्यायला सांगितले. पण घटनेत इच्छापत्राला स्थान नाही. निधनाची बातमी आली त्याच संध्याकाळी सिनेटमधील बहुमताच्या नेत्याने नव्या नावावर मतदान होणारच असे जाहीर केले, अंत्यदर्शन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी एमी कोनी बॅरेट यांचे नाव पुढे आले, आणि २६ ऑक्टोबरला ५२ विरुद्ध ४८ मतांनी ते मंजूरही झाले. २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या पाच मतांत बॅरेट यांचे मत होते. गिन्सबर्ग यांचा आदर करणाऱ्यांनी हे बोलू नये, असे मला वाटत नाही. ज्या बाईंनी प्रत्येक पाऊल मोजून टाकले, त्यांचे हे एक पाऊल चुकीचे ठरले, आणि त्याची किंमत त्यांनी नव्हे, इतर स्त्रियांनी मोजली.

या प्रकरणात आणखी एक उपरोध आहे. गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या १९७३ च्या ‘रो’ निकालावर गिन्सबर्ग स्वतः टीका करीत. तो एका दमात फार दूर गेला आणि खाजगीपणाऐवजी समानतेच्या पायावर उभा राहायला हवा होता, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी त्यासाठी वेगळाच खटला निवडून ठेवला होता. व्हिएतनाममध्ये सेवेत असलेल्या सुझन स्ट्रक या हवाई दलातील परिचारिका १९७० मध्ये गरोदर राहिल्या. हवाई दलाने त्यांच्यापुढे गर्भपात किंवा नोकरीतून गच्छंती असे दोनच पर्याय ठेवले. स्ट्रक कॅथलिक होत्या, त्यांना मूल जन्माला घालून दत्तक द्यायचे होते आणि नोकरीही सोडायची नव्हती. बाप होणाऱ्या सैनिकाला कोणी घरी पाठवत नाही, मग आईलाच का, एवढाच प्रश्न होता, आणि सरकार गर्भपाताची सक्ती करीत असल्यामुळे कोणत्याही बाजूच्या न्यायाधीशाला तो टाळता आला नसता. सर्वोच्च न्यायालयाने अपील दाखल करून घेतले. पण सुनावणीआधीच हवाई दलाने माघार घेऊन स्ट्रक यांना सेवेत ठेवले आणि खटला निरर्थक झाला. जिंकलेल्या अशिलाबद्दल हळहळ वाटावी असे प्रसंग वकिलीत क्वचित येतात.

भारताशी त्यांचा थेट संबंध म्हणून बहुतेकांना एकच छायाचित्र ठाऊक असते: १९९४ मध्ये राजस्थानात हत्तीवर बसलेल्या गिन्सबर्ग आणि त्यांच्यापुढे त्यांचे कट्टर वैचारिक विरोधक व जिवलग मित्र न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया. स्त्रीवादी असून मागे का बसलात, असे मैत्रिणींनी विचारले, तेव्हा वजनाची विभागणी पाहावी लागते, असे त्यांनी उत्तर दिले होते. स्कालिया चांगलेच जाडजूड होते. खरा संबंध मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत आहे. १९९६ मध्ये व्हर्जिनियातील लष्करी संस्थेने मुलींना प्रवेश द्यावा असा निकाल गिन्सबर्ग यांनी सात विरुद्ध एक अशा बहुमतासाठी लिहिला. स्त्रिया साधारणपणे कशा असतात याविषयीच्या ठोकताळ्यांवरून, त्या ठोकताळ्यांत न बसणाऱ्या स्त्रीची संधी नाकारता येणार नाही, हा त्याचा गाभा. ६ डिसेंबर २००७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया’ या प्रकरणात त्याचा हवाला दिला. पंजाब अबकारी कायदा १९१४ चा. दिल्लीत तो लागू होता, आणि जिथे लोक बसून मद्य पितात तिथे स्त्रियांना नोकरीवर ठेवण्यास त्यात बंदी होती. हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या मुलींना मोठ्या हॉटेलांतील नोकऱ्या त्यामुळे बंद होत होत्या. बंदीचे समर्थन अर्थातच सुरक्षिततेच्या नावाने होते. न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा आणि एच. एस. बेदी यांच्या खंडपीठाने सांगितले की धोका असेल तर तो दूर करणे हे राज्याचे काम आहे, स्त्रीला घरी बसवणे नव्हे.

कामगार न्यायालयात काम करताना रात्रपाळीचे विषय वारंवार येतात. कारखाना कायद्याच्या कलम ६६ ने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करण्यास मनाई केली होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून, सुरक्षेच्या अटी घालून ती वाट मोकळी केली. अटी पाळायच्या नसल्या की मालक आजही काळजीची भाषा बोलतात: वाहनाची सोय करणे परवडत नाही, तेव्हा बायकांना दिवसपाळीच दिलेली बरी, आणि रात्रपाळीचा जादा भत्ता पुरुषांना. अशा वेळी ‘अनुज गर्ग’ पुढे करावा लागतो, आणि त्यातील व्हर्जिनियाच्या निकालाचा परिच्छेद वाचून दाखवावा लागतो. समोरचे वकील तो ऐकतात, मग हे अमेरिकेतले आहे असा आक्षेप घेतात, आणि मग आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने तो स्वीकारल्याचे पान उघडून त्यांच्यापुढे ठेवावे लागते.